नातवाची बंदूक

आमच्या शेजारच्या आजोबांनी गेल्या ऑक्टोबरात एक बंदूक घेतली. नातवासाठी. तसं त्यांनी मला कुंपणाशी सांगितलं, पोस्टमनला टपालपेटीशी सांगितलं आणि बायकोला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना आवाज जरा चढला होता, एवढं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कळलं.

नातू तीन तासांवर फिलाडेल्फियाजवळ राहतो. बंदूक आजोबांच्या मांडीवर होती आणि ते तिला तेल लावत होते.

मी पेनसिल्व्हेनियात, सस्क्वेहाना नदीकाठच्या एका लहान गावात 11 वर्षं राहतोय. पुलांचे हिशेब करून पोट भरतो. शिकार करत नाही. पण इथे राहून बंदुकीबद्दल कानावर काही पडू द्यायचं नाही म्हणजे आळंदीत राहून टाळ ऐकायचा नाही म्हणण्यासारखं आहे. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा इथे पिढ्यान्‌पिढ्या हरणाच्या मोसमाचा पहिला दिवस. खेड्यांतल्या शाळांना त्या दिवशी सुट्टी, कारण पोरंही रानात आणि मास्तरही रानात. 2019 साली तो मुहूर्त शनिवारवर आणला. त्याला इतकी वर्षं झाली तरी ‘सोमवार तो सोमवार’ म्हणून उसासे टाकणारी माणसं आमच्या गावात आहेत. त्या दिवसांत कायद्याने डोकं, छाती आणि पाठ मिळून निदान 250 चौरस इंच झगझगीत केशरी रंग अंगावर लागतो. पहाटे पाचला पेट्रोल पंपावर जावं तर शिवजयंतीची मिरवणूक जमल्यासारखी वाटते. फक्त ढोल नसतात आणि सगळे कॉफी पीत कुजबुजत असतात.

तर ती बंदूक. जात जुनीच, बोल्ट ॲक्शन. मराठीत हिला कडीची रायफल म्हणायला हरकत नसावी, कारण कारभार हुबेहूब दाराच्या कडीचा. कडी वर उचलायची, मागे ओढायची, रिकामं काडतूस टुणकन बाहेर पडतं. कडी पुढे ढकलायची, नवं काडतूस नळीच्या बुडाशी जाऊन बसतं. कडी खाली पाडली की दार बंद. जर्मनीतल्या माउझरने 1898 साली ही कडी अशी काही बसवली की पुढच्या सव्वाशे वर्षांत बऱ्याच जणांनी तिला नवं बारसं करण्यापलीकडे फारसं काही केलं नाही. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर असायची ती थ्री-नॉट-थ्री आठवा, तीही कडीचीच. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी आपोआप भरणारी रायफल चालत नाही, म्हणून कडीला इथे विशेष मान. एक गोळी झाडायची, ती चुकली की कडी वर, मागे, पुढे, खाली करायची. तोवर हरीण न्यूयॉर्क राज्यात.

आजोबांची नवी बंदूक मात्र या घराण्यातलं शेंडेफळ होतं. पूर्ण मापाच्या रायफलीची नळी 22 किंवा 24 इंच असते, हिची 18. एकूण लांबी साडेतीन फुटांऐवजी तीन म्हणा. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो भाग, इंचभर आखूड. वजन 6 पौंड, आपले पावणेतीन किलो. आजोबांची जुनी थर्टी-ऑट-सिक्स अक्रोडाच्या दस्त्यासकट आणि दुर्बिणीसकट चार किलोंच्या पुढे जाते. ती उचलताना आजोबा पूर्वी काही बोलत नसत, आता ‘हं’ म्हणतात.

गंमत म्हणजे लांब बंदुकीचं माहेर आमच्याच राज्यात आहे. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या आसपास जर्मन कारागिरांनी 40 इंचांहून लांब नळीच्या रायफली घडवल्या आणि जगात त्यांचं नाव झालं ‘केंटकी रायफल’. इथली जुनी माणसं अजून या अन्यायाने व्याकूळ होतात. अथणीत शिवलेली चप्पल कोल्हापुरी म्हणून खपते, तसंच हे. पण मी ते दुःख नीट समजून घेऊ शकत नाही, कारण तिथे फायदा आपला झालेला आहे.

आता मुद्द्याचं. अशी आखूड रायफल आमच्या गावात पाच जणांकडे आहे, आणि पाचातल्या चौघांनी ती स्वतःसाठी घेतलेली नाही.

हे मला कळलं डायनरमध्ये. सकाळी सहाला तिथे गल्ल्याजवळच्या लांब टेबलाशी मंडळी बसतात. कॉफी, अंडी आणि स्क्रॅपल. स्क्रॅपल म्हणजे डुकराच्या उरल्यासुरल्या मांसाची मक्याच्या पिठात शिजवून थापलेली वडी. कोथिंबिरीच्या वडीसारखीच कापतात आणि तळतात. तुलना इथेच थांबवतो. मी शनिवारी मुलीला पोहायला सोडून तिथे जातो आणि टेबलाच्या टोकाला बसतो, लग्नात नवऱ्यामुलीचा लांबचा मामा बसतो तसा. सगळ्यांनी पाहिलेला, कोणीच न बोलावलेला.

तिथला प्लंबर सहा फूट तीन इंच आहे. त्याने ही बंदूक बायकोसाठी घेतली. बायकोला शिकारीचं काडीइतकं प्रेम नाही. ‘उद्या तिला वाटलंच, तर असावी,’ म्हणाला. दंतवैद्याने मुलीसाठी घेतली. मुलगी कॉलेजात गेल्यापासून शाकाहारी आहे. भूगोलाचे निवृत्त मास्तर कोणाचं नाव घेत नाहीत, ते ‘गाडीत मागे टाकायला’ म्हणतात, जणू ती छत्री आहे. आणि आजोबांचा नातू तुम्हाला ठाऊक आहेच. पाचवी शाळेची बस चालवणारी बाई. उंची बेताची पाच फूट. तिने स्वतःसाठी घेतली आहे आणि तसं सरळ सांगते.

दोष तसा कारखानदारांचाही आहे. कॅटलॉगात या बंदुकीपुढे दहा-बारा वर्षांचं पोरगं हसत उभं असतं, नाहीतर बारीक चणीची एखादी बाई. आखूड दस्ता आखूड हातांसाठी. आता ज्याने चाळीस वर्षं लांब बंदूक खांद्यावर वाहिली त्या माणसाने दुकानात जाऊन ‘मला ती पोरांची दाखवा’ म्हणायचं कसं? आपल्याकडे साठीचे गृहस्थ गल्ल्यावर उभे राहून ‘चॉकलेट द्या हो, नातीला’ म्हणतात आणि कोपऱ्यावर वळून तोंडात टाकतात. तीच रीत.

तर या चौघांची मतं. मत ऐकायला मला आवडतं. बंदुकीचं असो, मिक्सरचं असो, वस्तूच्या मालकाचं मत एका ठरलेल्या चालीवर येतं. आधी स्तुती. मग एक घोट कॉफी. मग एक छोटा शब्द. मराठीत तो शब्द ‘फक्त’. ‘स्थळ उत्तम आहे, फक्त…’ इंग्रजीत त्यांचा जो शब्द आहे तोही एवढाच आखूड, आणि त्याच्यामागून जे येतं त्याने आधीचं सगळं वाहून जातं.

‘हलकी आहे हो,’ प्लंबर म्हणाला. ‘पिसासारखी. दिवसभर डोंगर चढलो, हातात काही आहे असं वाटलं नाही.’ घोट. ‘फक्त उडवली की वाटतं.’

हे मला हिशेबाचा माणूस म्हणून लगेच पटलं. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते, त्यात न्यूटनचाही इलाज नाही. जड बंदूक तो धक्का बराचसा स्वतःच पचवते. हलकी बंदूक हलक्या कानाच्या माणसासारखी. जे आलं ते जसंच्या तसं पुढच्याला देऊन मोकळी, आणि पुढचा म्हणजे तुमचा खांदा. त्यात प्लंबरने घेतली थ्री-झीरो-एट काडतुसाची. बायकोसाठी घ्यायची तर टू-फोर्टी-थ्री घ्यायला हवी होती. तिची गोळी हलकी, तिचा धक्काही मवाळ. हे मी बोलून दाखवलं नाही. बस चालवणाऱ्या बाईने दाखवलं. ‘बायकोसाठी थ्री-झीरो-एट?’ एवढंच म्हणून तिने टोस्टला लोणी लावलं.

मास्तरांचं म्हणणं आवाजाचं. नळी आखूड केली की दारूच्या वायूला आत फिरायला जागा कमी मिळते, तो जोरातच बाहेर पडतो आणि कानाशी येऊन फुटतो. मास्तरांनी पस्तीस वर्षं सातवीचा वर्ग सांभाळला, त्यांना आवाजाची भीती नाही. तरी पहिल्या बारानंतर त्यांचा कुत्रा गाडीखाली गेला आणि हॉट डॉग दाखवूनही बाहेर येईना. कानाला बोंडं लावल्याशिवाय ही उडवू नये, हे मत चौघांचंही एक. या टेबलावर एकमत झालेलं मी ऐकलेलं एवढं एकच.

वेगाबद्दल मात्र रणकंदन. नळी इंचभर कमी केली की गोळीचा वेग सेकंदाला साधारण 25 फुटांनी घटतो, असा एक ठोकळ हिशेब आहे. सहा इंच कमी म्हणजे 150 फूट. मुळात वेग असतो 2800च्या घरात. दंतवैद्याच्या मते हे 150 फूट म्हणजे सगळंच गेलं. मास्तरांच्या मते काहीच गेलं नाही. यावर दोघे चाळीस मिनिटं बोलले, रुमालावर आलेख निघाला, त्यावर सिरप सांडलं. आमच्या रानात झाडी अशी आहे की साठ-सत्तर पावलांपलीकडे हरीण दिसलं तर ते हरीण आहे की ओंडका यावरच आधी वाद होईल. त्या अंतरावर 150 फुटांचा फरक दंतवैद्यालाच जाणवतो, हरणाला नाही.

मास्तर भूगोलाचे असले तरी बंदुकीचा इतिहास त्यांच्या तोंडपाठ. त्यांनी सांगितलं की ही कल्पना अजिबात नवी नाही. रेमिंग्टनने 1964 साली मॉडेल 600 नावाची साडेअठरा इंची नळीची रायफल काढली. तिच्या नळीवर प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी होती आणि कडीची मूठ कुत्र्याच्या मागच्या पायासारखी वाकडी. लोकांनी नाकं मुरडली. 1968 साली ती बंद झाली. आणि बंद झाल्याबरोबर ती किती चांगली होती हे सगळ्यांच्या लक्षात आलं. आज तीच बंदूक लोक शोधत फिरतात आणि मागतील ती किंमत देतात. 1983 साली त्याच कंपनीने पुन्हा आखूड रायफल आणली, मॉडेल सेव्हन, तेव्हा पट्टी नव्हती आणि मूठ सरळ होती. ‘मग लोक खूश झाले असतील?’ मी विचारलं. ‘लोक म्हणाले, 600ची मजा नाही,’ मास्तर म्हणाले.

त्याहून जुनं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात लांब थ्री-नॉट-थ्री वेलींत अडकते म्हणून इंग्रजांनी 1944 साली तिचीच आखूड, हलकी आवृत्ती काढली. तिला जंगल कार्बाइन म्हणतात. दस्त्याच्या टोकाला रबराची गादी आणि नळीच्या तोंडाला ज्वाळ झाकायला कर्णा. शिपायांचं मत काय? हलकी आहे, छान आहे, फक्त लाथ मारते. शिवाय लावलेला नेम जागेवर राहत नाही अशीही तक्रार. ऐंशी वर्षांपूर्वीचं हे मत आमच्या डायनरमध्ये आणून ठेवलं असतं तर कोणी मान वर करून पाहिलं नसतं.

आता दंतवैद्याची गोष्ट सांगायला हवी, कारण ती माझ्याही अंगाशी आली. कपाळाशी म्हणा.

एका शनिवारी तो डायनरमध्ये आला तो उजव्या भुवईच्या वर लालभडक चंद्रकोर घेऊन. रेखीव. गौरीच्या दिवशी पेठेतल्या बायका लावतात तशी, फक्त जरा वर आणि बाजूला. मला वाटलं, याची सहायक कोणी मराठी मुलगी असेल. पण टेबलावर कोणी काही विचारलं नाही, सगळे एकदम अंड्यांकडे पाहू लागले. मागाहून आजोबांनी कुजबुजत उलगडा केला. बंदुकीवरची दुर्बीण डोळ्यापासून चार बोटं तरी लांब हवी. दस्ता आखूड आणि माणसाची मान लांब, की डोकं आपोआप पुढे सरकतं. मग चाप ओढला, बंदूक मागे आली, की दुर्बिणीची गोल कड भुवईत बसते. मुलीच्या मापाची बंदूक बापाने उडवल्याचा तो शिक्का. लपवता येत नाही, आणि नातवावर, मुलीवर, बायकोवर ढकलताही येत नाही.

हे सगळं मला पुरतं समजलं होतं. तरीही पुढच्या रविवारी आजोबांनी ‘चल, नेम लावायला जातोय, बघायला ये’ म्हटलं तेव्हा मी गेलो, आणि ‘एक उडवून बघ’ म्हटलं तेव्हा नाही म्हणालो नाही. चांदमारीचं मैदान गावाबाहेर, मक्याच्या कापलेल्या शेतापलीकडे. थंडी अशी की लाकडी बाक दमट लागत होता. आजोबांनी दस्ता माझ्या खांद्यात नीट बसवला, गाल कुठे टेकायचा ते दाखवलं, ‘डोकं मागे ठेव’ म्हणाले. मी मागे ठेवलं. दुर्बिणीत काळं वर्तुळ दिसत होतं आणि त्यात मधोमध कागदावरचा लाल ठिपका थरथरत होता. थरथरत मी होतो. ठिपका नीट दिसावा म्हणून मी जरा, अगदी बोटभर, पुढे सरकलो.

बार मला ऐकू आला नाही. कपाळावर कोणीतरी स्टीलची वाटी आपटली एवढं कळलं. आजोबांनी आधी बंदूक माझ्या हातातून घेतली, कडी ओढून रिकामी केली, दुर्बीण पुसली, तिला काही झालं नाही ना ते उजेडाकडे धरून पाहिलं, आणि मग मला रुमाल दिला. ‘कागदाला लागली,’ म्हणाले. ‘शेजारच्याच्या.’

आमच्या महाराष्ट्र मंडळाची दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर होती. अमेरिकेत दिवाळी हॉल मिळेल तेव्हा असते. मी चंद्रकोर घेऊन गेलो. फराळाच्या रांगेत एका काकूंनी निरखून पाहिलं आणि ‘नाटकात आहात का?’ विचारलं. मी हो म्हणालो. काय करणार? मग त्या दोन अंक संपेपर्यंत मी कधी येतोय याची वाट पाहत बसल्या आणि जाताना म्हणाल्या, ‘तुमचं काम कापलं वाटतं.’

याच सुमारास बाबा आले होते. चिपळूणजवळच्या आमच्या घरी आजोबांपासून, म्हणजे माझ्या आजोबांपासून, एक ठासणीची बंदूक आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना, रानडुकरं आणि वानरं यांच्यासाठी. तिच्यात दारू ओतायची, चिंध्या घालायच्या, छर्रे ओतायचे, पुन्हा चिंध्या, गजाने ठासायचं, मग केप लावायची. एवढं होईपर्यंत वानरं पुढच्या माणसाच्या बागेत गेलेली असतात, म्हणजे काम झालेलं असतं. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर आमच्याकडे शिकार हा विषयच संपला. बाबांनी उभ्या आयुष्यात जे बार काढले ते सगळे आभाळात. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. बाबांच्या मते ती बंदूक घरापेक्षा ठाण्यात जास्त राहिली आहे आणि हवालदार तिला नावाने ओळखतात.

बाबांना डायनरमध्ये घेऊन गेलो. त्यांना इंग्रजी समजतं पण बोलायचं नसतं. स्क्रॅपलकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि केळं मागवलं. त्यानंतर मंडळी बाहेर गाड्यांपाशी गेली. आजोबांनी पेटीतून ती नातवाची बंदूक काढली, कडी उघडून रिकामी असल्याचं दाखवलं आणि बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती तोलली. कडी वर, मागे, पुढे, खाली. पुन्हा एकदा. तेल चांगलं घातलेलं होतं, मऊ ‘खट्‌’ असा आवाज आला. आपल्या माडीच्या दाराची कडी तीस वर्षांत अशी लागलेली नाही, असं ते पुटपुटले.

‘काय म्हणतात?’ आजोबा.

मी भाषांतर केलं. आजोबा खूश झाले. मग त्यांनी बंदूक परत घेतली आणि पेटीत ठेवायला वळले. पेटी पिकअपच्या मागच्या फळीवर, म्हणजे छातीच्या उंचीला. त्यांनी बंदूक डाव्या हाताने वर उचलली. उजवा हात मदतीला आला तो कोपरापर्यंतच. झाकणही डाव्याच हाताने लावलं.

बाबा बघत होते. ‘अरे,’ मला म्हणाले, ‘या गृहस्थांचा उजवा खांदा गेलाय. मोठी बंदूक उचलत नाही त्यांना. नातूबितू काही नाही.’

‘आता काय म्हणाले?’ आजोबांनी हसत विचारलं.

अकरा वर्षं ज्यांच्याशी कुंपणावरून बोलतोय, बर्फ पडला की जे माझ्या आधी उठून माझीही वाट साफ करून ठेवत, गेल्या वर्षापासून ठेवत नाहीत, आणि ठेवत का नाहीत हे ज्यांना मी कधी विचारलं नाही, त्यांच्याकडे मी पाहिलं. ‘बाबा म्हणतात,’ मी म्हणालो, ‘नातू नशीबवान आहे.’

बाबांनी इंग्रजी समजत असल्याची नजर माझ्याकडे टाकली. पण ते काही बोलले नाहीत. उलट पुढे होऊन त्यांनी आजोबांशी हात मिळवला. डावा.

बस चालवणाऱ्या बाईचं मत राहिलं. ते मी मुद्दाम विचारलं, कारण ती बंदूक खरोखर जिच्या मापाची आहे अशी ती एकटीच. आखूड दस्ता तिच्या हाताला बसतो, दुर्बीण तिच्या डोळ्यापासून असायला हवी तेवढीच लांब राहते, कपाळ कोरं. गेल्या चार मोसमांत तिने चार हरणं मारली. त्यांतल्या एकाचं मांस तिने गरजूंना वाटणाऱ्या संस्थेला दिलं, बाकीच्यांचं सॉसेज तिच्या तळघरातल्या फ्रीजरमध्ये असतं. मला दर डिसेंबरात त्यातलं एक पाकीट मिळतं. ते माझी मुलगी खाते आणि बायको मी ते कुठल्या भांड्यात तळतोय यावर नजर ठेवते.

‘कशी आहे बंदूक?’ मी विचारलं.

तिने जरा विचार केला. ‘बरी आहे,’ म्हणाली आणि उठली. टेबलावरचे चौघे गप्प झाले. मग दंतवैद्य म्हणाला की तिला अजून पुरेसा अनुभव नाही.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी नातू आला. दीड वर्षापूर्वी मी पाहिलं तेव्हा ते पोर माझ्या खांद्याला लागत होतं. आता दारातून आत येताना त्याने मान वाकवली. सहा फूट एक इंच, आवाज फुटलेला, बूट होडीएवढे. आजोबांनी परसात त्याच्या हातात ती बंदूक दिली. त्याने ती खांद्याला लावली. कोपर बाहेर आलं, मान पुढे आली, नाक कडीच्या मुठीवर टेकलं. मोठ्या माणसाने मुलाच्या तिचाकी सायकलवर बसावं तसं चित्र.

‘अरेरे,’ आजोबा म्हणाले. इतक्या आनंदात म्हटलेलं ‘अरेरे’ मी आजवर ऐकलं नव्हतं. ‘तुला तर आखूड झाली!’

मग ते आत गेले आणि जुनी थर्टी-ऑट-सिक्स घेऊन आले. घेऊन म्हणजे दस्ता हाताखाली, नळी जमिनीकडे, दोनदा दाराच्या चौकटीला टेकत. नातवाने ती एका हाताने उचलली. अक्रोडाचा दस्ता खांद्यात जाऊन बसला, डोळा दुर्बिणीपासून बेताने राहिला. ‘ही आता तुझी,’ आजोबा म्हणाले. पोरगं इतकं लाल झालं की त्याला शब्द सुचेना. आजी दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग नव्या छोट्या बंदुकीकडे, जी आता परसातल्या बाकावर एकटी पडली होती.

‘मग हिचं काय करणार? परत करायची?’ तिने विचारलं.

आजोबा या प्रश्नाची महिनाभर वाट पाहत असावेत. कारण त्यांच्या धाकट्या मुलीला ऑगस्टमध्ये मुलगी झाली आहे. इथे शिकारीचा परवाना बाराव्या वर्षी मिळतो.

‘तिच्यासाठी ठेवू की,’ आजोबा म्हणाले आणि बंदूक डाव्या हाताने उचलून घेतली. ‘फक्त तोवर वापरात राहायला हवी. नाहीतर गंजते.’